संकल्प आधी, संयम मागाहून

आज आषाढी एकादशी. नव्या मुंबईतील विठ्ठल मंदिरांपुढे पहाटेपासून भाविकांच्या रांगा लागल्या असतील. घरोघरी उपवासाचा संकल्पही झाला असेल. भूक दुपारी लागावयाची, मग संकल्प सकाळीच कशाला, असा प्रश्न नवी पिढी विचारते. आमच्या मते हा प्रश्न रास्त आहे, आणि मेंदूच्या शास्त्रात त्याचे उत्तर शोधण्याजोगे आहे.

पुढे केलेला हात आवरून धरणे, या साध्या क्रियेत दोन आज्ञांची शर्यत असते, असा सिद्धान्त गॉर्डन लोगन व विल्यम कोवन यांनी १९८४ मध्ये मांडला. करण्याची आज्ञा आधीच निघालेली असते; थांबण्याची मागाहून धावते. मेंदूच्या पुढील भागातून, विशेषतः उजव्या बाजूकडून, निघालेली ही आज्ञा सबथॅलॅमिक न्यूक्लिअस या खोलवरच्या चिमुकल्या केंद्रामार्फत हालचालीला आवर घालते. निरोगी प्रौढास यासाठी सुमारे पाव सेकंद लागतो. हा काळ क्षुल्लक वाटेल. परंतु पामबीच मार्गावर ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार तेवढ्यात चार मीटरांहून अधिक अंतर कापते, आणि ब्रेक लागणे अजून बाकीच असते!

मात्र 'थांबावे लागेल' अशी पूर्वसूचना ज्यास असते तो आधीच सावध होतो, किंचित मंदावतो आणि अधिक वेळा थांबू शकतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. संकल्प म्हणजे अशी पूर्वसूचनाच नव्हे काय?

विचारांचेही असेच आहे. डॅनियल वेगनर यांनी १९८७ मध्ये काही जणांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असे सांगितले. अस्वल मनात येतच राहिले आणि बंदी उठताच अधिकच उसळले. अस्वलाऐवजी लाल मोटारीचा विचार करा, असे सांगितल्यावर मात्र ती उसळी ओसरली. नुसत्या नकाराने मन आवरत नाही. त्याला धरावयास काही द्यावे लागते. नामस्मरणाचे मर्म आम्हांस येथेच दिसते. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी चंचल मनासाठी वैराग्याच्या जोडीला अभ्यास सांगितला, तो उगाच नव्हे.

तथापि हा लगाम सर्वांच्या हाती सारखाच बळकट नसतो. मेंदूच्या पुढील भागाची वाढ विशी ओलांडल्यावरही चालू असते. काही विकारांत हा लगाम सैलही पडतो. म्हणून घरातील चंचल मुलास, किंवा वारंवार हात धुणाऱ्या आजारी माणसास, 'याला संयमच नाही' असे चारचौघांत हिणवणे आम्ही अधर्म मानतो. मुलाला धीर आणि सराव द्यावा. आजाऱ्यास वैद्यकीय उपचार मिळवून द्यावेत.

उद्या द्वादशीला उपवास सुटेल. सकाळी संकल्प करण्याची सवय मात्र सुटू नये. दर्शनास निघताना, गाडीची किल्ली हाती घेण्यापूर्वीच, वेग आवरण्याचा संकल्प प्रत्येक घराने करावा, एवढीच आमची विनंती.