रक्त चढते, लोह साठते

अकोल्याच्या एका घरी आम्ही बसलो होतो. सात वर्षांच्या पोराला थॅलेसेमिया. दर महिन्याला रक्त द्यावे लागते. माय म्हणाली, "भाऊ, रक्त वाढावं म्हणून लोहाचं टॉनिक पाजतो त्याले." माउलीची माया खरी, पण उपाय उलटा!

रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते. शरीरातून मात्र रोज १-२ मिलिग्रॅमच बाहेर जाते. उरलेले यकृतात, हृदयात, ग्रंथींत साठते. वरून दिसत नाही. दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून रक्तातील फेरिटिन तपासावे आणि डॉक्टरांनी दिलेली लोह काढणारी गोळी रोज न चुकता द्यावी. लोहाचे टॉनिक मनाने देऊ नये.

वारंवार रक्त घेणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णांनाही हेच लागू. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल बराच आढळतो. हा कुणाच्या पापाचा किंवा नजरेचा आजार नव्हे. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला २५ टक्के धोका. तेव्हा बंधू-भगिनींनो, सोयरीक जुळवताना पत्रिका नको, रक्त तपासा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे दोन्ही आजार आहेत. प्रमाणपत्रासाठी अमरावतीत इर्विनला, अकोल्यात सर्वोपचारला चौकशी करा.

माउलीने टॉनिकची बाटली बाजूला सारली. "मंग डॉक्टरले काय विचारू?" आम्ही कागदावर एकच शब्द लिहून दिला : फेरिटिन.