उकळू नको, आई!

ऑफिसच्या पॅण्ट्रीत टी-बॅग बुचकळून कंटाळलेल्या तमाम मंडळींसारखं मलाही मध्यंतरी लूज लीफ टीचं वेड लागलं. काचेची किटली आली, जाळीचं गाळणं आलं. आणि माणूस एकदा का 'टी पर्सन' झाला, की तो घरच्यांना सुधारायला निघतो. दिवाळीला पोंभुर्ण्याला जाताना बॅगेत दार्जिलिंगच्या अख्ख्या पानांचा डबा टाकला. किंमत विचारू नका. आईलाही सांगितली नव्हती.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात चहा पावडर नसते, चहापत्ती असते. नावात पत्ती, पण पान औषधालाही दिसत नाही. सगळे काळे दाणे! कारण ती सीटीसी, म्हणजे क्रश, टेअर, कर्ल. 1930 च्या दशकात आसामात आलेल्या या तंत्रानं पान चिरडून, फाडून त्याच्या बारीक गोळ्या केल्या. झटपट रंग, कडक चव आणि किलोमागे जास्त कप. दूध-साखरेला पुरून उरेल असा चहा.

तर पहिल्याच सकाळी आईनं कौतुकानं माझ्या डब्यातला चहा मांडला. आलं ठेचलं, दूध ओतलं, वर दहा मिनिटं खळखळ उकळी. मी किंचाळलोच, "आई, हा उकळायचा नसतो!"

"पत्तीच हाये ना? मंग उकळू नाही तं काय करू, बाप्पा?"

शेजारच्या काकूंसमोर मी लेक्चर झोडलं. आई काहीच बोलली नाही. डबा पुसून माझ्यासमोर ठेवला. "तुझा तू करून घे." बास.

त्या रात्री झोप येईना, म्हणून चहाचा इतिहास वाचत बसलो आणि माझीच विकेट गेली. आठव्या शतकात चीनमध्ये लू यूनं 'चा जिंग' हा चहावरचा ग्रंथ लिहिला, तेव्हा चहाच्या वड्या थापायचे. वडी भाजायची, दळायची आणि चिमूटभर मीठ घालून पाण्यात चक्क उकळायची! लोक त्यात आलं, पुदिना, संत्र्याची साल टाकतात म्हणून लू यू भयंकर वैतागला होता. म्हणजे आईचा चहा जुन्या घराण्यातला, आणि माझी कटकटही. पुढे सोंग काळात चहाची पूड घुसळून पिऊ लागले. तीच रीत जपानला गेली, आज आपण तिला माचा म्हणून पैसे मोजतो. तिबेटात तर वडीचा चहा उकळून त्यात लोणी आणि मीठ घालतात.

मग सुट्या पानांना मान कधी मिळाला? 1391 मध्ये. मिंग घराण्याचा पहिला सम्राट होंगवू गरीब शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला. वड्या करण्यात रयतेचे फार हाल होतात, म्हणून दरबाराला नजराणा म्हणून वड्या नकोत, सुटी पानं पाठवा, असं फर्मान त्यानं काढलं. मी ज्याला शाही थाट समजत होतो, तो मुळात कष्टकऱ्यांचं ओझं हलकं करण्याचा मार्ग होता!

सकाळी आईला म्हटलं, "चुकलो. दोन्ही चहा करू." तिनं पानं तळहातावर घेऊन हुंगली. "तेंदूपत्ता सुकवल्यावानी वास येते." लहानपणी उन्हाळ्यात ती पहाटे जंगलात पत्ता तोडायला जायची. सत्तर पानांचं एक पुडकं. किटलीत पान उलगडताना ती बघत राहिली. मग म्हणाली, "एकेक पान तोडाले त्या बाईले किती भेटत असन?"

डब्याची किंमत मला पाठ होती. याचं उत्तर नव्हतं.

तुम्हाला ट्राय करायचाय? पाणी उकळून मिनिटभर थांबा. कपाला एक चमचा पानं, झाकून तीन मिनिटं. दूध नको. तीच पानं दुसऱ्या कपालाही चालतात, टाकू नका. कुणीतरी ती एकेक करून तोडलीत.

आणि घरी कुणी उकळत असेल, तर उकळू द्या.