सब्र म्हणजे जागरण नव्हे

पूर ओसरला की आपली पोरं काय करतात, हे अख्ख्या कोकणाने पाहिलं आहे. २२ जुलै २०२१, बकरी ईदचा दुसरा दिवस. वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, महाडमध्ये सावित्रीने तेच केलं. पुढचे कित्येक दिवस आपल्या तरुणांनी जात-धर्म न विचारता चिखल उपसला, जेवण रांधलं, रेशनचे किट घरोघर पोचवले. त्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती नंतरच्या समजुतीबद्दल. भिंतींना रंग लागला आणि आपण म्हणालो, "झालं, लोक सावरले."

नाही सावरले. त्या घरांमध्ये मी आजही जातो. जुलैत पावसाचा जोर वाढला की एक चाची पलंगावर झोपत नाही. कागदपत्रांची पिशवी मांडीवर घेऊन ती रात्रभर जिन्यावर बसते. तिचा दुकानदार मुलगा रात्री दोनला उठून मोबाइलवर नदीची पातळी शोधतो. पंचनाम्यात त्यांचा फ्रिज आला, कपाट आलं, दुकानातला माल आला. गेलेल्या झोपेसाठी मात्र रकानाच नव्हता.

संकटानंतर काही दिवस झोप उडणं स्वाभाविक आहे. शरीर पहाऱ्यावर असतं. बहुतेकांची घडी हळूहळू बसते. पण महिना उलटूनही तीच स्वप्नं पडत असतील, पावसाच्या आवाजाने छातीत धडधडत असेल, त्या जागेकडे पाऊल वळत नसेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३.५६ वाजता भूकंप झाला. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळली. ज्यांच्यावर झोपेतच घर कोसळलं, त्यांना झोपेचीच भीती वाटली तर नवल काय?

आणि आपण त्यांना काय सांगतो? "सब्र करा. इमान पक्कं असेल तर झोप येते." हे वाक्य मला क्रूर वाटतं. मुलाच्या विरहात रडून रडून हजरत याकूब यांची दृष्टी गेली, आणि तरीही सुंदर सब्राचं उदाहरण म्हणून आपण त्यांचंच नाव घेतो. म्हणजे रडणं सब्राच्या विरोधात नाही. मग डॉक्टरकडे जाणं कसं असेल? मधुमेहाची गोळी घेणाऱ्याचं इमान कुणी तपासत नाही.

दुसरा युक्तिवाद असा, की आधी पोटाचं बघू, मनाचं नंतर. पण रात्रभर जागलेला माणूस सकाळी दुकान कसं चालवणार? कर्जाचे हप्ते, विम्याचे कागद, मुलांचा अभ्यास हे सगळं जागरणाने पेंगुळलेल्या डोक्यानेच करायचं असतं. मग कुणीतरी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी आणतो आणि पुढे तिची सवय जडते.

सरकारलाही सुटका नाही. आपत्तीत मानसिक आधार कसा द्यावा, याची मार्गदर्शक तत्त्वं राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९मध्येच काढली. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणं हा आपला हक्क ठरवला. मग तालुक्याच्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतो, हे विचारायला आपण का लाजतो? वाशिष्ठीतला गाळ काढावा म्हणून चिपळूणकर उपोषणाला बसले. तोही झोपेचाच लढा होता. धोक्याचा इशारा वेळेवर मिळेल याची खात्री नसेल, तर माणूस स्वतःच पहारा देत बसणार. गोळी हा अर्धाच इलाज आहे. उरलेला अर्धा नदीत आणि भोंग्यात आहे.

म्हणून मदतकार्य करणाऱ्या प्रत्येक गटाला माझं सांगणं आहे: किट वाटलेल्या घरांची यादी फेकू नका. महिन्याभराने आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर त्याच दारात जा आणि एकच प्रश्न विचारा, "झोप लागते का?" बायकांना बायकांनी विचारावं. सल्ला देऊ नका, ऐका. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत, चोवीस तास चालणारा नंबर मशिदीच्या फलकावर लिहा, जुम्याला सांगा. पुराचा इशारा आला तर तोही त्याच भोंग्यावरून सगळ्या वस्तीला ऐकू जाऊ द्या.

चिखल उपसायला चार दिवस पुरले. हे काम चार पावसाळे चालेल. त्याचे फोटो निघणार नाहीत. तरीही ते आपलंच काम आहे.