अर्धं वचन पाठवू नका

माझी नोकरी गेली त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकच वचन मला अकरा जणांनी पाठवलं. यिर्मयाचं पुस्तक, 29वा अध्याय, 11वं वचन. कुणाच्या चित्रात मागे सूर्योदय, कुणाच्या डोंगर, कुणाच्या गुलाब. देवाने तुझ्यासाठी भलंच योजलं आहे, पुढे आशा आहे, असा त्याचा भावार्थ. तुम्ही ख्रिस्ती असाल तर तुम्हीही ते कधीतरी पाठवलं असेल. नसाल तर 'जे होतं ते चांगल्यासाठीच' हे पाठवलं असेल. हा लेख तुम्हा दोघांसाठी आहे, आणि त्यात तक्रार आहे.

अमेरिकेत एच-1बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की त्याच्या हातात जास्तीत जास्त 60 दिवस असतात. तेवढ्यात एखादी कंपनी अर्ज करायला तयार झाली तर ठीक. नाहीतर व्हिसाचा दुसरा मार्ग शोधा, तोही नसेल तर घर, गाडी, मुलांची शाळा आवरून निघा. त्या दिवसांत मला झोप लागत नसे. एका रात्री आईने सामानात घालून दिलेलं पवित्र शास्त्र काढलं आणि तो 29वा अध्याय पहिल्या ओळीपासून वाचला.

तो अध्याय म्हणजे एक पत्र आहे. बाबेलच्या राजाने यरुशलेमेतून धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने लिहिलेलं. म्हणजे परमुलखातल्या माणसांना, तुमच्या-माझ्यासारख्यांना. फरक इतकाच की आपण हौसेने आलो, त्यांना ओढून नेलं होतं. त्यांना तो सांगतो, घरं बांधा. बागा लावा, त्यांची फळं खा. मुलामुलींची लग्नं करा. ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. का? तर सुटकेला 70 वर्षं लागणार आहेत. ही 70 वर्षं 10व्या वचनात आहेत, आपल्या लाडक्या 11व्याच्या अगदी वर. पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना बाबेलातच मरायचं होतं. आशा होती, पण ती त्यांच्या नातवंडांच्या वाट्याची होती.

आता त्याच्या मागचा, 28वा अध्याय वाचा. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा भेटतो. दोन वर्षांत सगळं ठीक होईल, नेलेली माणसं परत येतील, असं तो मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो. यिर्मयाच्या मानेवरचं जू काढून मोडून टाकतो. ऐकणाऱ्यांना किती बरं वाटलं असेल! यिर्मयासुद्धा आधी आमेन म्हणतो, तसंच होवो म्हणतो. पण शास्त्र हनन्याला खोटा ठरवतं, कारण त्याने लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावलं. माझं म्हणणं सरळ आहे. 10वं वचन गाळून 11वं पाठवणारा माणूस शब्द यिर्मयाचे वापरतो आणि निरोप हनन्याचा देतो.

तुम्ही म्हणाल, हेतू चांगला असतो. मान्य. एका वचनानेही धीर येतो, हेही मान्य. माझी नगरची आजी शेवटच्या आजारात 23वं स्तोत्र म्हणत असे आणि तिला त्याने शांत वाटे, हे मी पाहिलं आहे. पण त्या स्तोत्रात मृत्युछायेची दरी आहे, समोर बसलेले वैरी आहेत. आजी ते गाळून पुढे जात नसे. ती स्वतः त्या दरीत होती, म्हणून तर तिला ते स्तोत्र लागत होतं.

कापलेल्या वचनाने नुकसान होतं ते असं. मला 54व्या दिवशी नोकरी मिळाली. 'बघ, वचन खरं झालं,' असे लगेच निरोप आले. माझ्याबरोबर त्याच दिवशी नोकरी गेलेला एक मित्र दोन मुलं घेऊन परत गेला. त्याच्यापुरतं वचन खोटं झालं का? की त्याचा विश्वास कमी पडला? हे तोंडावर कुणी बोलत नाही, पण तशा निरोपांतून ते त्याच्यापर्यंत पोहोचतंच. 'मला भीती वाटते' असं मी मंडळीत म्हणालो, तेव्हा मलाही हेच ऐकवलं गेलं होतं.

भीती, राग, तक्रार म्हणजे अविश्वास, हे शास्त्रात कुठे शिकलात? 88वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी एकही गोड ओळ नाही. विलापगीत हे तर अख्खं पुस्तकच रडण्याचं आहे. आणि आपण मराठी माणसं! दुष्काळात पहिली पत्नी अन्नावाचून गेलेली पाहणारे तुकोबा विठ्ठलाशी भांडले, म्हणून त्यांना कुणी नास्तिक म्हटलं नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी त्याच तुकोबांना ख्रिस्ताकडे येण्याचा पूल मानलं. देवाशी भांडणं हे भक्तीतच मोडतं, हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको होतं.

शास्त्रातून धीर मिळतो. मला मिळाला. तो 'सगळं ठीक होईल' यातून मिळाला नाही. इतकं बिघडलेलं असतानाही माणसं प्रार्थना करत होती, बागा लावत होती, आणि त्यांचं रडणं कुणी खोडून टाकलं नाही, ते शास्त्रात लिहून ठेवलं, यातून मिळाला.

म्हणून पुढच्या वेळी कुणाचं काही बिघडलं तर वचन पाठवण्याआधी त्याचा पूर्ण अध्याय वाचा. वाचायला वेळ नसेल तर पाठवू नका. फोन करा, त्याचा बायोडेटा चार ठिकाणी पोहोचवा, नाहीतर डबा घेऊन जा. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तोवर त्यांचं काही चुकलं नव्हतं. उपदेश करायला तोंड उघडलं आणि शेवटी खुद्द देवानेच त्यांना फटकारलं.