नरक्याची तस्करी का होते? उत्तर कर्करोगाच्या औषधात आहे

साताऱ्यातल्या पाटण तालुक्यातून नरक्याची तस्करी झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. सांगलीच्या शिराळ्याला लागून असलेल्या चांदोलीसारख्या सह्याद्रीच्या जंगलात वाढणारं हे झाड ना फर्निचरच्या कामाचं, ना फळांचं. त्यात घाणेरडा वास. मग ते कुणाला हवंय?

नरक्यात कॅम्प्टोथेसिन असतं. हे रसायन १९६६ मध्ये अमेरिकेत मनरो वॉल आणि नंदुरबारमध्ये जन्मलेले मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून शोधलं. पुढे १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांना ते नरक्यात सापडलं. पेशी विभागताना डीएनएचा पीळ सोडवणारं एक एन्झाइम असतं. कॅम्प्टोथेसिन तेच अडवतं आणि पेशी मरते. त्यात बदल करून बनवलेलं इरिनोटेकान मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वापरतात.

सालीत मात्र हे रसायन एक टक्क्याहूनही कमी. म्हणजे थोड्या औषधासाठी पुष्कळ झाडं.

समुद्रातल्या स्पंजाच्या बाबतीत हीच अडचण आली होती. स्पंज हा प्राणी आहे. त्याला पळता येत नाही, म्हणून तो रसायनांनी शत्रूला दूर ठेवतो. न्यूझीलंडच्या थंड समुद्रातून सुमारे १ टन स्पंज काढला, तेव्हा हॅलिकॉन्ड्रिन बी हे कर्करोगविरोधी रसायन मिळालं जेमतेम ३०० मिलिग्रॅम! एवढ्यावर औषध कसं बनणार? शेवटी शास्त्रज्ञांनी त्या रेणूचा कामाचा भाग ओळखला आणि साठहून अधिक टप्प्यांत तो प्रयोगशाळेतच घडवला. त्या एरिब्युलिनला २०१० मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी मंजुरी मिळाली. आता त्यासाठी समुद्र उपसावा लागत नाही.

नरक्याची सुटका अजून झालेली नाही. इरिनोटेकानसाठी कच्चा माल अजूनही मुख्यतः झाडांतूनच येतो. २००५ मध्ये जम्मूच्या संशोधकांनी नरक्याच्या आत राहणारी बुरशीही हे रसायन बनवते, असं दाखवलं. पण अशा बुरशीची ही क्षमता प्रयोगशाळेत हळूहळू घटते. त्यामुळे सध्या व्यवहार्य मार्ग लागवडीचाच दिसतो. तोडलेल्या बुंध्याला पुन्हा फुटवे येतात, ही त्यातली जमेची बाजू. फक्त शेतातला माल आणि जंगलातून चोरलेला माल वेगळा ओळखता आला पाहिजे, नाहीतर लागवडीच्या नावाखाली चोरीचाच माल खपेल.

आणि कुणी नरक्याची साल उकळून प्यायला सांगितली, तर पिऊ नका. मूळ कॅम्प्टोथेसिनच्या चाचण्या १९७० च्या दशकात मूत्राशयावरच्या गंभीर दुष्परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या होत्या.