फितीचा न्याय

अमेरिकन फुटबॉल म्हटला की शिरस्त्राणे चढवलेल्या धिप्पाड गड्यांची टक्करच डोळ्यांसमोर येते. परंतु त्याच खेळाचे फ्लॅग फुटबॉल हे जे अहिंसक रूप, त्यात प्रतिस्पर्ध्यास पाडण्याला साफ मज्जाव असून, चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या कमरपट्ट्याला लटकणारी एखादी फीत खेचली गेली, की ती चाल तिथेच संपते. पाच-पाच गडी, मध्यरेषा ओलांडण्यास चार प्रयत्न, आणि ती ओलांडल्यावर गुणासाठी पुन्हा चार, एवढाच त्याचा जमाखर्च.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा दंडक, की धावणाऱ्याने आपली फीत हाताने झाकू नये. सुटकेसाठी त्याला मुभा आहे ती केवळ पायांच्या चपळाईची आणि आपल्या कबड्डीपटूस पूर्वपरिचित अशा हुलकावणीची. टकरीवाचून पुरुषार्थ नाही, असे मानणाऱ्यांनी भरवेगात असतानाही स्वतःचा देह आवरून दोन बोटांनी फीत टिपणाऱ्या मुलीचे कसब एकवार पाहावे. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्त्री-पुरुष दोघांसाठी या खेळाचा अंतर्भाव करण्याचा ठराव, क्रिकेटच्या बरोबरीनेच, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाला, आणि तोही आपल्या मुंबईत.