वकिली नव्हे, साक्ष

ख्रिस्ती श्रद्धेविरुद्ध आपल्या सुशिक्षित वर्गात आज जो पूर्वपक्ष मांडला जातो, तो शंभर वर्षांपूर्वीच्या पूर्वपक्षाहून निराळा आहे. तेव्हाचे विरोधक म्हणत की, तुमचा धर्म खोटा आणि आमचा खरा. आणि तो झगडा कितीही कडवट असला, तरी सत्य नावाची काही वस्तू आहे व तिच्यासाठी रात्री जागवून वाद घालावा इतकी तिची योग्यता आहे, हे उभयपक्षी मान्य होते. आजचा सुसंस्कृत गृहस्थ मोठ्या सौजन्याने सांगतो की, श्रद्धा ही ज्याची त्याची खाजगी बाब. चारचौघांत तिचा उच्चार नको, आणि ती दुसऱ्यास सांगू जाणे ही तर उघड आगळीक. मला हे सौजन्य त्या जुन्या वैराहून घातक वाटते, कारण वैरी निदान दावा ऐकून घेऊन फेटाळीत असे. हा तो दाखलच करून घेत नाही.

ख्रिस्ती श्रद्धा खाजगी राहूच शकत नाही, कारण तिचा आधार कोणाच्या मनोवृत्तीवर नसून एका घटनेवर आहे. पंतय पिलात सुभेदार असताना यरुशलेमेत एक पुरुष वधस्तंभावर मारला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, हे तिचे म्हणणे. करिंथच्या मंडळीस लिहिताना प्रेषित पौल साक्षीदारांची यादीच देतो: केफा, बारा जण, मग पाचशेहून अधिक बंधू, ज्यांपैकी बहुतेक त्या वेळी हयात होते; आणि ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे, असेही तो स्वतःच लिहून देतो. ज्याने आपल्या पक्षाचे मर्म असे प्रतिपक्षाच्या हाती दिले, त्याने उलटतपासणीला आमंत्रणच दिले होते. साक्ष खोटी ठरवावयाची तर ती तपासून ठरवावी. साक्षीदाराला कचेरीबाहेर बसवून ती खोटी ठरत नाही.

विज्ञानाने ईश्वराची गरज संपविली, या आक्षेपापाशी मी फार थांबत नाही. सृष्टीतील घडामोडी कोणत्या नियमाने होतात याचा निवाडा प्रयोगशाळेने करावा. पण मुळात काही असावेच का, आणि परक्याच्या दुःखासाठी आपण झिजावे का, हे प्रश्न तिच्या अखत्यारीतले नाहीत.

तिसरा आक्षेप मात्र बोचणारा आहे आणि तो बोचलाच पाहिजे. धर्मप्रसार म्हणजे सत्तेची जबरदस्ती किंवा भाकरीचे आमिष, असे म्हणणाऱ्यापुढे आपल्यातील पुष्कळ जण तत्काळ वकील होतात आणि अडचणीचे दस्तऐवज दप्तराच्या तळाशी दडवितात. गोव्यात 1560 पासून 1812 पर्यंत, मधला अल्प खंड सोडता, इन्क्विझिशन हे चर्चचे धर्मन्यायालय नांदले. ते ख्रिस्ताच्या नावाने नांदले, हे प्रथम आपणच बोलले पाहिजे. प्रतिकूल तेही सांगणे वकिलाला बंधनकारक नसेल; साक्षीदाराला आहे. ते सांगून झाल्यावर मात्र मी विचारतो, कवी नारायण वामन टिळकांना आमिष कोणते होते? 10 फेब्रुवारी 1895 रोजी बाप्तिस्मा घेताच घर दुभंगले, आणि पत्नी लक्ष्मीबाईंची व त्यांची कित्येक वर्षे ताटातूट झाली. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे दीक्षा घेतली, पण आपली विवेकबुद्धी तेथील धर्मभगिनींच्या हवाली केली नाही. त्यांच्याशी पत्रांतून निकराने वाद घातला. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, ते शब्द स्वतः पारखून घेण्यासाठी. मिंध्या माणसाला एवढी पारख परवडत नाही.

आता ही साक्ष द्यावी कशी, याविषयी. आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर द्या, असे पेत्र सांगतो. तेथील ‘उत्तर’ हा मूळ ग्रीकमध्ये न्यायासनापुढे द्यावयाच्या कैफियतीचा शब्द आहे, आणि अथेनैच्या न्यायसभेत आरोपीला आपली कैफियत स्वमुखानेच द्यावी लागे. जे बोलावयाचे ते ऐकणाऱ्याच्या भाषेत. फादर स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट. पण 1616 साली रायतूर येथे छापलेले त्यांचे ख्रिस्तपुराण ओवीत अवतरले. टिळकांना 1893 मध्ये आगगाडीत भेटलेला अनोळखी गोरा प्रवासी प्रथम काव्याविषयीच बोलला. नव्या कराराची प्रत त्याने नंतर हाती ठेवली, आणि डोंगरावरील प्रवचनाने पुढले काम केले. ख्रिस्तापाशी आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, असे टिळक सांगत. तो पूल तोडून पैलतीराची साक्ष देऊ पाहणाऱ्या प्रचारकांनी आपल्या लोकांना पोरके केले, हे माझे स्पष्ट मत आहे.

पौल अथेनैच्या अरीयपग सभेपुढे उभा राहिला तेव्हा त्याने आपल्या भाषणात श्रोत्यांच्याच कवींचे वचन घेतले. मृतांच्या पुनरुत्थानाची गोष्ट निघताच काही जण हसले; काही म्हणाले, याविषयी तुमचे पुन्हा ऐकू; आणि दिओनुस्य नावाचा त्या सभेचाच एक सभासद व दामारी नावाची एक स्त्री, अशी मोजकी माणसे त्याला येऊन मिळाली. हसणाऱ्यांवर पौलाने फिर्याद केली नाही. तो तेथून निघाला, करिंथास गेला, तंबू शिवून पोट भरू लागला, आणि दर शब्बाथ दिवशी सभास्थानात पुन्हा बोलू लागला.